सर खाप्याले गेले

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला झाडे सर होते आणि वनस्पतिशास्त्र शिकवायला वाघमारे सर. नेमणुका करताना कोणीतरी झोपेत सही केली असावी, असं जो तो म्हणायचा. झाडे सरांना या विनोदाचा राग येत नसे. "नावात काय ठेवलंय, मास्तर," ते मला म्हणायचे. "मुंग्यांच्या राणीचंच पाहा." एवढं म्हटलं, की मग माझी सुटका नसे. मी मराठी शिकवणारा माणूस. पण नागपूरच्या जुन्या शुक्रवारीत आमची घरं एकाच गल्लीत होती आणि सायकली रोज बरोबरच निघायच्या, त्यामुळे मुंग्यांबद्दल मी जेवढं ऐकलं तेवढं त्यांच्या विद्यार्थ्यांनीही ऐकलं नसेल.

राणी या शब्दाशी त्यांचं उभं वैर होतं. "राणी कुठली आली? बाळंतीण म्हणा. जन्मभर अंधाऱ्या खोलीत अंडी घालत पडलेली बाई. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे तिला ठाऊक नाही. ती कोणाला काय हुकूम देणार?" हे त्यांनी इतकी वर्षं इतक्या वर्गांना सांगितलं, की एका मुलीनं तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांना 'मुंग्यांची बाळंतीण' असं ठणकावून सांगितलं. परीक्षक चिडले. सर तिच्या बाजूनं असे भांडले, की शेवटी परीक्षकांनीच चहा मागवला.

उंच, किंचित वाकलेला माणूस. पांढरा बुशशर्ट, आणि खिशात आगपेटी. ते विडी ओढत नसत. आगपेटीत गुळाचा खडा असायचा. कुठंही मुंग्यांची रांग दिसली की सर सायकल टेकवून खाली बसत आणि खडा ठेवून पाहत राहत. अर्थातच मुंग्या त्यांच्या खिशातही असत. त्यांच्या पत्नी, सुशीलावहिनी, कपडे धुवायला काढताना प्रत्येक शर्ट आधी अंगणात झटकायच्या आणि म्हणायच्या, "भाऊजी, लोकाइच्या नवऱ्याच्या खिशातून पैसे निघते, माह्या नवऱ्याच्या खिशातून संसार निघते."

एकदा स्टाफरूममध्ये प्राचार्य बसलेले असताना सरांनी टेबलावर गूळ ठेवला. थोड्या वेळात खिडकीपासून गुळापर्यंत रांग लागली. सरांनी रांगेवर लाकडी पट्टी आडवी ठेवली. मुंग्या थबकल्या, इकडेतिकडे भरकटल्या. काही पट्टीच्या लांबच्या टोकाकडून गेल्या, काही जवळच्या टोकाकडून. प्राचार्यांचा चहा संपेपर्यंत सगळी रांग जवळच्या टोकाकडून चालू लागली होती.

"मुखिया कोण?" सरांनी विचारलं.

हा त्यांचा आवडता प्रश्न. कुठं लग्नात पंगत उठली, कुठं बाजारात भाव चढला, की सर विचारणारच, मुखिया कोण? प्राचार्य स्वतः मुखिया असल्यामुळे त्यांना तो प्रश्न मुळीच आवडला नाही.

"कोणीच नाही," सर म्हणाले. "एकाही मुंगीला पूर्ण रस्ता दिसत नाही. तिला येतं ते इतकंच, की जिथं वास जास्त तिथं जायचं, आणि जाताना आपला वास सोडायचा. जवळच्या वाटेनं गेलेली लवकर परत येते, म्हणून त्या वाटेवर वासावर वास चढतो. वास वाढला म्हणून आणखी मुंग्या, आणखी मुंग्या म्हणून आणखी वास. शहाणपण एकीच्याही डोक्यात नाही, प्राचार्यसाहेब. ते त्यांच्या मधल्या जागेत आहे." प्राचार्यांनी टेबल पुसून घ्यायला सांगितलं.

बर्डीच्या चौकातही त्यांनी मला एकदा असंच उभं केलं होतं. पोलीस चहा प्यायला गेला होता. सायकली, रिक्षे, एक संत्र्यांची बैलबंडी, मधूनच एखादी स्कूटर. जो तो फक्त आपल्या पुढच्याकडे पाहत होता आणि सगळे सुरळीत जात होते. सर आनंदानं वऱ्हाडीवर आले. "पाह्य गा मास्तर, कोनी सांगून राह्यलं का त्याइले?" तेवढ्यात पोलीस परत आला, त्यानं शिट्टी फुंकली आणि संत्र्यांची बंडी चौकात आडवी झाली. सर इतके हसले, की पोलिसानं आम्हालाच हाकललं.

हे सगळं मी हसत हसत सांगतो आहे. पुढचं मात्र तसं सांगता येत नाही. इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाचा धक्का काही उतरलेला नाही.

सरांचे मोठे भाऊ सावनेरजवळच्या खाप्याला शेती करत. त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, माणसाच्या छातीइतकं उंच एक वारूळ होतं आणि सरांचा त्याच्यावर फार जीव. वाळवीनं बांधलेलं, आत हवा खेळती ठेवणाऱ्या नळ्या, आणि इंजिनिअर कोणी नाही. एका सकाळी कॉलेजात खाप्याचा माणूस सांगत आला, की भाऊ आज धुरा मोकळा करून राहिले, वारूळ जाणार. सरांनी तास सोडला, सावनेरची एसटी गाठायला फाटकाकडे धावले, आणि धावता धावता शिपाई शंकरला सांगितलं, "घरी सांगून दे, सर खाप्याले गेले."

शंकरला घंटा द्यायची होती. त्यानं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या प्रयोगशाळेच्या हरिभाऊंना ओरडून सांगितलं, "सर खाप्याले गेले! घरी सांगून द्या!" त्याच वेळी वर्ग सुटत होते. हरिभाऊंच्या कानावर पडलं ते असं: सर खपले, गेले. घरी सांगून द्या.

माणूस मेला याला आपल्याकडे 'खपला' म्हणतात. हरिभाऊ हातातलं काम टाकून निघाले. पण सरांबद्दल 'खपले' असा शब्द तोंडातून काढवेना, म्हणून हेडक्लार्ककडे जाऊन ते अदबीनं म्हणाले, "झाडे सर गेले." हेडक्लार्कनं विचारलं, "अरे, काहून? काय झालं?" हरिभाऊ म्हणाले, "काल छातीत जळजळ होते म्हणत होते." ते खरंच होतं. सर आदल्या दिवशी भजी खाऊन तसं म्हणाले होते. छातीत म्हटल्यावर हेडक्लार्क प्राचार्यांना म्हणाले, "हार्टफेल दिसतो. धंतोलीत नेलं असेल." यात तरी काय चुकलं? नागपुरात छातीत दुखलं की माणसाला धंतोलीतच नेतात. प्राचार्यांनी पुढच्या माणसाला सांगितलं तेव्हा 'असेल' गळून पडलं होतं.

कॉलेज सुटलं. शोकसभा झाली, तीत मी बोललो. पोरांचे घोळके सायकलींवर धंतोलीत गेले आणि दवाखान्यांमागून दवाखाने पालथे घातले. सर कुठंच सापडले नाहीत. मग पोरांनी विचार केला, की इथं नाहीत म्हणजे इथून नेले. कुठं नेले? थेट स्मशानघाटावर. घाटाकडे निघालेली पोरं पाहून रस्त्यातली माणसं त्यांच्यामागे निघाली. घाटावर एवढी गर्दी पाहून उरल्यासुरल्यांची खात्री पटली, की इतकी माणसं उगाच कशाला जमतील? एकही माणूस खोटं बोलला नव्हता. प्रत्येकानं मागच्याचं ऐकून फक्त एक शहाणपणाची गोष्ट जोडली होती.

आणि घरी निरोप पोचला. सरांनीच पाठवलेला निरोप. घाटावर थेट नेताहेत म्हटल्यावर गल्लीतल्या वडीलधाऱ्या बायकांनी, उशीर नको म्हणून, जे करायचं ते करून टाकलं.

संध्याकाळ व्हायच्या आत सर एसटीतून उतरून गल्लीत आले. वारूळ वाचलं होतं, त्यामुळे खुशीत होते. घाटावर वाट पाहून परतलेले आम्ही ओट्यांवर, पायऱ्यांवर बसलो होतो. पहिल्यांदा एक म्हातारी किंचाळली. मग सगळी गल्ली उभी राहिली. काय झालं ते कळल्यावर सरांचा चेहरा उजळलाच. हो, उजळला. ते एकेकाला धरून विचारू लागले, "तुले कोनं सांगतलं? आन त्याले कोनं सांगतलं? मुखिया कोण? मुखियाच नाही! मास्तर, अरे हे तर वारूळ झालं!" ते हसत होते, आम्हीही सुटल्यासारखे हसत होतो. कोणीतरी म्हणालं, मरणाची बातमी उठली म्हणजे सरांचं आयुष्य वाढलं.

हसतच ते घराच्या दारात गेले आणि तिथंच थांबले. मी त्यांच्या मागेच होतो.

सुशीलावहिनी भिंतीशी बसल्या होत्या. कपाळ पुसलेलं. दोन्ही हात मांडीवर उताणे, मनगटं उघडी, आणि एका मनगटावर काच लागून रक्त सुकलेलं. हिरव्या काचा कोपऱ्यात झाडून ठेवल्या होत्या. त्यांनी सरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही, भीतीही आली नाही. काहीच आलं नाही. जिवंत नवऱ्यासमोर ती बाई तशीच बसून राहिली.

मग त्या बोलल्या. "माह्या बांगड्या कोनं फोडल्या?"

शेजारच्या काकू रडत पुढे झाल्या, की बाई आम्ही धरलं होतं. वहिनींनी मान हलवली. "तुमी नाही वं काकू. तुमाले कोनी सांगतलं तेच केलं तुमी. मी याइले इचारून राहिली. कोनं फोडल्या?"

आणि सर म्हणाले, "कोणीच नाही, सुशीला."

ते खरं होतं. शास्त्राप्रमाणे अक्षरशः खरं होतं. त्याहून वाईट उत्तर या जगात नसेल.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी नव्या बांगड्या भरल्या, कुंकू लावलं, स्वयंपाक केला, पण नवऱ्याशी बोलणं बंद. सर सगळ्यांकडे जाऊन आले. शंकर, हरिभाऊ, हेडक्लार्क, धंतोलीत गेलेली पोरं. सगळे रडले, सगळ्यांनी हात जोडले, आणि कोणाकडेच अपराध सापडला नाही. "मास्तर," सायकल चालवताना ते मला म्हणाले, "मी जन्मभर हेच शिकवलं. आज पहिल्यांदा मला एखादा मुखिया हवाय आणि तो कुठंच नाही." या माणसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. खिशातली आगपेटीही त्या दिवसांत दिसली नाही.

शेवटी एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मी दूध घेऊन आलो होतो, मला परतताही येईना. सर म्हणाले, "सुशीला, मुखिया मी. निरोप माझा होता. तो मी दुसऱ्याच्या हाती दिला. बांगड्या मी फोडल्या."

वहिनी तव्यावरची पोळी उलटत म्हणाल्या, "एवढं सांगाले इतके दिस काहून लागले?" आणि पदरानं डोळे पुसले.

त्या दिवसापासून सरांचा नेम ठरला. गावाला निघताना, कितीही घाई असो, ते घरी येत, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि एकच वाक्य म्हणत, "मी खाप्याले जाऊन राहिलो. मी सोता सांगून राहिलो." वहिनी म्हणत, "सोता पाह्यलं." मग ते जात. हा त्यांचा विनोद होता, आणि विनोद नव्हताही.

वर्गातही बदल झाला. मुंग्यांचा वास शिकवून झाला की सर थांबत. म्हणत, "मुंगीचा वास उडून जातो, म्हणून ती खोट्या वाटेवरून परत येऊ शकते. आपण बोललेलं उडत नाही. म्हणून पुढे सांगायच्या आधी एकच विचारा, स्वतः पाहिलं का?" हा प्रश्न वर्गातून व्हरांड्यात आला, व्हरांड्यातून गल्लीत. कोणी फर्मान काढलं नव्हतं. पेपर फुटला म्हणे. सोता पाह्यलं का? अमक्याची बदली झाली म्हणे. सोता पाह्यलं का? पानठेल्यावरसुद्धा माणसं हसत हसत हेच विचारायची. अफवा आमच्याकडे दोन माणसांच्या पुढे जाईनाशी झाली. सर म्हणायचे, चटका बसला की सगळं वारूळच शिकतं, त्याला मास्तर लागत नाही. त्यांच्या बोलण्यात पुन्हा थोडा आनंद आला होता.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. सर निवृत्तीला आले होते. हिवाळ्यातल्या एका सकाळी म्हणाले, "मास्तर, चला, तुम्हाला आमचं वारूळ दाखवतो." वहिनींना नेहमीचं वाक्य सांगून झालं, त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, आणि आम्ही एसटीनं खाप्याला गेलो. दुपारी मी एकटाच परत आलो.

सर गेले होते. या वेळी खरोखर गेले होते. भाऊ त्यांच्याजवळ थांबले आणि वहिनींना आणायला मला पाठवलं. अंत्यविधी तिथंच, कन्हानच्या काठी करायचा ठरला. मी आधी कॉलेजात धावलो, कारण मोटार तिथूनच मिळणार होती. हेडक्लार्कना सांगितलं. त्यांनी विचारलं, "सोता पाह्यलं?" मी हो म्हणालो. ते हुंदका देऊन उठले, त्यांनी मोटार काढायला सांगितलं आणि बाकीच्यांना कळवायला गेले. आणि तिथंच सगळं थांबलं. ते ज्याला सांगत तो विचारी, "तुम्ही सोता पाह्यलं का?" ते म्हणत, नाही, मास्तरांनी पाहिलं. "असं का," म्हणून तो माणूस परत कामाला लागे. सर खाप्याला गेले, हे ऐकून एकदोघे तर हसलेसुद्धा. चूक कोणाचीच नव्हती. सगळे सरांचेच शहाणे विद्यार्थी होते. पहिल्यांदा नुसत्या ऐकीव शब्दावर घाट माणसांनी भरला होता. या वेळी बातमी माझ्या आवाजाच्या पलीकडे गेलीच नाही. कन्हानच्या काठी घरची चार माणसं, मी आणि हेडक्लार्क. ज्यांनी हजारो पोरांना शिकवलं त्यांच्या चितेजवळ एकही पोरगं नव्हतं. मी त्या रिकाम्या वाळूकडे पाहत राहिलो.

पण हे नंतरचं. त्याआधी मला त्या गल्लीत, त्या दारात जायचं होतं.

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मला एकट्याला पाहून हातातलं भांडं त्यांनी खाली ठेवलं. मी म्हणालो, "वहिनी, सर..." कोणता शब्द वापरणार? गेले म्हणू? खाप्याला गेले म्हणू?

त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "ते कोनाच्या हाती निरोप पाठवत नाही, भाऊजी."

"वहिनी, मी स्वतः पाहिलं."

"पाह्यलं तं सांगा. काय पाह्यलं?"

मग मी सांगितलं. सर वारुळाच्या पायथ्याशी बसले होते. खिशातून आगपेटी काढली, गुळाचा खडा ठेवला. मुंग्या यायला लागल्या, रांग लागली. मला म्हणाले, "पाह्य गा मास्तर." मी वाकलो. आणखी काही म्हणतील म्हणून वाट पाहिली. ते हळूच एका अंगावर कलले होते. मी हलवलं, हाका मारल्या. त्यांचा हात मुंग्यांच्या रांगेवर आडवा पडला होता. मुंग्या थबकल्या, इकडेतिकडे झाल्या, आणि मग त्यांच्या बोटांच्या टोकाकडून वळसा घालून चालू लागल्या.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर पावलं वाजली. मोटार पाहून शेजारच्या म्हाताऱ्या काकू आल्या होत्या आणि माझा चेहरा पाहून त्यांना काय ते कळलं होतं. सवयीनं त्यांचा हात वहिनींच्या मनगटाकडे गेला.

वहिनींनी हात मागे घेतला. "नाही वं काकू. या बारीले मी सोता काढतो."

त्या खाली बसल्या आणि एकेक बांगडी, न फोडता, सावकाश मनगटावरून उतरवू लागल्या.

"या बारीले," त्या म्हणाल्या, "मुखिया मी."